गेरू, डिंक आणि सुरतेचं ऊन

सुरतेत राहून घरच्या घरी फोटो छापणं अवघड आहे असं कुणी म्हटलं तर मला हसू येतं. साडीछपाईसाठी स्क्रीन बनवणारा कारागीर जे रोज करतो, तेच इथे करायचं आहे. उजेड लागला तिथला थर कडक होतो, न लागला तिथला पाण्याने धुऊन जातो. लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या आपल्या कितीतरी मराठी घरांत स्क्रीन, इमल्शन, एक्सपोज हे शब्द जेवतानाही कानावर पडतात. तेव्हा आजोबांचा एखादा जुना फोटो काढा आणि गेरूत छापून बघा, एवढीच विनंती.

डिंकात रंग मिसळून छापायची ही रीत दीडशे वर्षांहून जुनी. चांदीच्या क्षारांवरचे फोटो फिके पडतात ही तेव्हाची मोठी तक्रार होती, म्हणून न उडणारी काजळी आणि माती फोटोत आणायचे प्रयत्न सुरू झाले. 1858 साली जॉन पाउंसीने असे डिंकाचे प्रिंट लंडनमध्ये मांडले.

डिंक घेताना मात्र नीट बघा. रात्रभर पाण्यात ठेवल्यावर जो पूर्ण विरघळतो तोच कामाचा. फुगून लिबलिबीत गोळा होतो तो परत करा. एक भाग डिंकाला दोन भाग पाणी, मग फडक्यातून गाळा. गेरू खलात इतका घोटा की बोटांत खरखर लागता कामा नये. नाहीतर ते कण कागदात रुततात आणि आजोबांच्या कपाळावर देवी आल्यासारखे ठिपके उठतात. कागद जाड ड्रॉइंगचा. आधी गरम पाण्यात बुडवून वाळवा, म्हणजे नंतर आकसणार नाही. निगेटिव्ह पारदर्शक फिल्मवर, हव्या त्या फोटोच्याच मापाचा. गेरू मिसळलेल्या डिंकाचा थर कागदावर देऊन वाळवला आणि वर निगेटिव्ह ठेवला, की उन्हात काही मिनिटं पुरतात. मग कागद साध्या पाण्यात पालथा तरंगत ठेवायचा आणि हात लावायचा नाही. बऱ्याच वेळाने तांबूस धूर खाली उतरू लागतो आणि आधी शर्टाची कॉलर, मग कान दिसायला लागतात. घाईने ब्रश फिरवणाऱ्यांचे प्रिंट मी ओळखतो. तीन रंग एकावर एक छापण्याच्या मागेही लगेच लागू नका. एकट्या गेरूत जी छटा मिळते ती मला जास्त भावते.

आता अडचणीचं. डिंकाला उजेडाची जाण यावी म्हणून पूर्वापार त्यात पोटॅशियम किंवा अमोनियम बायक्रोमेट घालतात. हे केशरी मीठ दिसायला गोड, पण विषारी आहे. त्यामुळे कातडीला जखमा होतात, कर्करोगाचा धोका असतो. युरोपात 2017 पासून खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. कारखान्यात सगळेच हाताळतात म्हणून ते घरातल्या मोरीत आणू नका. स्क्रीनच्या सामानाच्या दुकानात डायझोवर चालणारं इमल्शन मिळतं. ते पाण्याने पातळ करून त्यात गेरू मिसळा आणि अगदी पातळ थर द्या. डिंकाइतकी मऊ छटा येईलच असं नाही, पण शिकायला पुरेसं आहे. त्यालाही हातमोजे हवेतच, आणि थर देणं-वाळवणं मंद पिवळ्या दिव्यात करा.

लहान मुलं बरोबर असतील तर हळद बरी. हळद स्पिरिटमध्ये भिजवून गाळा, कागदावर चढवा, वर निगेटिव्हऐवजी पॉझिटिव्ह ठेवून तासभर तरी उन्हात सोडा. नंतर टाकणखाराच्या पाण्याचा हात मोठ्यांनी फिरवला की उन्हाने न उडता उरलेली हळद तपकिरी होते. चित्र पुढे उडतं, पण मुलांना गंमत कळते.

पावसाळ्यात हा उद्योग करू नका. सुरतेच्या दमट हवेत थर धड वाळत नाही, आणि बायक्रोमेटचा थर तर अंधारातही आपोआप कडक होत जातो. उत्तरायणाच्या सुमारास हवा कोरडी आणि ऊन स्वच्छ असतं, तेव्हा गच्चीवर मांडा.

आणि इतकं सांगूनही कुणी बायक्रोमेट वापरणारच असेल, तर हातमोजे घाला, पूड उडू देऊ नका, आणि वापरलेलं पाणी वेगळ्या डब्यात साठवून कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेकडेच द्या. आपल्या गटारांचं पाणी शेवटी खाडीतच जातं.