शिसपेन्सिलीत शिसे नसते: निवड किमतीची की मातीची?

१/ ‘शिसपेन्सिल’ हा शब्द मराठीत रूढ असला, तरी तीत शिसे नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे अत्यंत शुद्ध ग्रॅफाइट सापडले. लोकांनी ते शिशाचाच प्रकार मानले आणि ते नाव टिकून राहिले.

२/ त्या ग्रॅफाइटच्या कांड्या कापून लाकडात बसवीत. रेघ किती काळी उमटावी, हे खनिजच ठरवी. चित्रकाराला त्यात निवड नव्हती.

३/ १७९३ मध्ये फ्रान्स-ब्रिटन युद्ध पेटले आणि फ्रान्सला हे ग्रॅफाइट दुर्मिळ झाले. तेव्हा निकोला-जाक काँते याने ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती कालवून कांड्या भट्टीत भाजल्या. १७९५ मध्ये त्याला पेटंट मिळाले. माती अधिक, तर रेघ फिकट व कांडी कठीण. माती कमी, तर रेघ गडद व कांडी मऊ. आजच्या ‘एच’ आणि ‘बी’ या श्रेणी याच प्रमाणावर उभ्या आहेत.

४/ काँतेच्याच नावाच्या काळ्या क्रेयॉनने जॉर्ज स्यूराने १८८० च्या दशकात खरबरीत कागदावर चित्रे काढली. कागदाचे उंचवटे काळे झाले, खाचा पांढऱ्या राहिल्या. त्यातून प्रकाश साकारला.

५/ म्हणून महागडा, भरगच्च संच हीच चांगल्या रेखाटनाची पूर्वअट, हा समज सोडून द्यावा. नवशिक्याला आराखड्यासाठी एचबी, छायेसाठी २बी आणि गडद भागासाठी ६बी पुरेशी आहे. क्रेयॉन घेताना आधी कागदाचा पोत पाहावा. काँतेने टंचाईतून जी निवड उपलब्ध करून दिली, ती समजून न घेता केवळ किंमत पाहणे म्हणजे त्याचा शोध वाया घालवणे होय.