हमरापूर परिसरातील मोबाईल नेटवर्क, वीज आणि चार्जिंगच्या अडचणींबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
रायगड जिल्हा, अलिबाग

विषय : पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत व दादर परिसरात गणपतीच्या हंगामापूर्वी मोबाईल सेवा व वीजपुरवठ्याची संयुक्त तपासणी होऊन दुरुस्ती व्हावी, याबाबत.

मा. महोदय,

आमच्या गावांत गणपती हा सण दहा-अकरा दिवसांचा असला तरी मूर्ती घडवण्याचे काम बारमाही आहे. एका हंगामाचे विसर्जन झाले की साचे धुऊन पुढच्या हंगामाची कच्ची मूर्ती सुरू होते. पूर्वी व्यापारी कारखान्यात येऊन, मूर्ती हाताळून, बयाणा देऊन जात. आता फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, पितांबराचा रंग फोनवर ठरतो आणि बयाणा यूपीआयने येतो. २०२६ मध्ये अधिक महिना आल्याने गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे रंगकाम, आखणी आणि टेम्पो भरणे, सगळे भर पावसात. नेमक्या त्याच दिवसांत लाईट जाते, रेंज जाते आणि फोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही. घाटावरून निघालेल्या टेम्पोचा चालक हायवेवरून फोन लावत राहतो आणि इकडे कारखान्यात घंटी वाजत नाही, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

तक्रार घेऊन येण्याआधी दोष आमच्याकडे किती, हे आम्ही तपासले. तो आहे, आणि लपवण्यात अर्थ नाही. चार्जिंग न होणाऱ्या फोनांमध्ये पहिला गुन्हेगार कारखान्यातली पूड निघाली. प्लास्टरची बारीक भुकटी चार्जिंगच्या पोर्टमध्ये बसते, पावसाळी दमट हवेत ओल धरते आणि घट्ट होते. केबल आत पूर्ण जात नाही, मग दोष चार्जरला दिला जातो. टाचणीने खरवडल्यास आतल्या पट्ट्या वाकतात. फोन बंद करून, लाकडी काडीने हलक्या हाताने साफ केल्यावर अशा अनेक फोनांचे काम भागते, असा कामगारांचा अनुभव आहे. पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना येते तेव्हा फोन स्वतःच्या रक्षणासाठी चार्जिंग थांबवतो. तो वाळू द्यायचा, चुलीजवळ धरायचा नाही, हेही कारखान्यांतून सांगितले जात आहे.

बॅटरीचे तसेच. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. ४५ अंश सेल्सिअसच्या वर तिचे चार्जिंग करू नये असे मानले जाते, आणि तापलेला फोन आपणहून चार्जिंगचा वेग कमी करतो. उन्हाळ्यातल्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली लावलेला फोन दोन तासांत भरत नाही, याचे अर्धे कारण हे आहे. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर पाच-सहा चार्जर आणि शेजारी थिनरचा डबा, ही सवय तर चार्जिंगपेक्षा आगीच्या दृष्टीने वाईट आहे. ती मोडण्याची जबाबदारी कारखानदारांनी घेतली आहे. त्यासाठी शासनाकडे काही मागायचे नाही.

रेंजबाबतही एक गोष्ट कबूल करतो. पत्र्याची शेड रेडिओलहरी अडवते, त्यामुळे आत आणि अंगणात फरक पडणारच. त्यावर तोडगा म्हणून बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर लावण्याचा मोह काहींना झाला होता. विनापरवाना बूस्टर लावणे बेकायदेशीर आहे आणि त्याने शेजाऱ्यांची उरलीसुरली रेंजही बिघडते, म्हणून तो मार्ग आम्ही सोडला. सिम काढून घालणे, एअरप्लेन मोड करून पाहणे, ५-जी बंद करून ४-जी ठेवणे, दुसऱ्या कंपनीचे सिम त्याच जागी लावून पाहणे, हे सगळे करून झाले आहे.

आता उरते ते आमच्या हातातले नाही. शेडबाहेर, उघड्या मैदानातही फोन लागत नाही, आणि हे बहुतेक वेळा गावात लाईट गेल्यानंतर घडते. घरच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. याचा अर्थ थोड्या कमी दाबाने फोन चार्ज होणे थांबत नाही. त्रास होतो तो लाईट वारंवार जाण्याने आणि परत येताना बसणाऱ्या झटक्याने. त्याहून मोठा प्रश्न टॉवरचा आहे. टॉवरची बॅटरी संपली आणि जनरेटर सुरू झाला नाही की टॉवर गप्प होतो. मग गावातले सगळे फोन दूरचा टॉवर धरू पाहतात. जवळ टॉवर असताना फोनला अगदी कमी शक्ती पुरते. टॉवर दूर असेल तर फोन ४-जीवर २०० मिलीवॉटपर्यंत, आणि २-जीवर २ वॉटपर्यंत जोर लावतो. शिवाय सतत शोध चालू राहतो. म्हणून ज्या दिवशी लाईट नसते, त्याच दिवशी बॅटरी सर्वांत लवकर उतरते. बॅटरी खराब म्हणून नवी घालून घेणाऱ्याचे पैसे यात वाया जातात. नेटवर्क, वीज आणि चार्जिंग या तीन तक्रारी तीन कार्यालयांत वेगवेगळ्या फिरतात. प्रत्यक्षात ती एकच तक्रार आहे, हे आपल्या निदर्शनास आणणे हा या निवेदनाचा मुख्य हेतू आहे.

ग्राहक म्हणून तक्रारीची वाट आम्हाला माहीत आहे. कंपनीच्या १९८ क्रमांकावर तक्रार, तिचा नोंदणी क्रमांक, मग अपील. पण ही वाट एकेका सिमसाठी आहे, गावासाठी नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांत २४ तासांपेक्षा जास्त काळ सेवा बंद राहिल्यास भरपाईची तरतूद आली, हे स्वागतार्ह आहे. मात्र तेथे जिल्हा हे एकक धरले आहे. हमरापूर दोन दिवस अंधारात व गप्प राहिले तरी अलिबाग आणि पनवेल चालू असतात, आणि कागदावर रायगड जिल्हा चालूच राहतो.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी की, सर्व दूरसंचार कंपन्या, वीज वितरण कंपनी, पेणचे तहसीलदार आणि संबंधित ग्रामपंचायती यांची आपल्या अध्यक्षतेखाली संयुक्त बैठक घ्यावी आणि त्यानंतर सर्वांनी मिळून गावोगाव प्रत्यक्ष मोजणी करावी. सिग्नल डीबीएममध्ये मोजून जागेसह नोंदवावा, कारखान्याच्या आत आणि बाहेर, लाईट असताना आणि गेल्यानंतर. कंपन्यांनी संकेतस्थळावर दिलेला व्याप्तीचा नकाशा आणि ही मोजणी शेजारी शेजारी ठेवल्यास वाद उरणार नाही. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्या आणि खाडीकाठचा भाग यातून वगळू नये. तिथले कामगार कारखान्यांत येतात, पण मोजणाऱ्यांच्या गाड्या बहुधा हायवेवरूनच जातात.

परिसरातील प्रत्येक टॉवरवर बॅटरी किती तास पुरते आणि जनरेटर चालू स्थितीत आहे का, याचा लेखी अहवाल पावसाळ्यापूर्वी मागवावा. नवीन टॉवरची गरज निघाल्यास जागेच्या परवानगीची प्रकरणे अडकून राहू नयेत, यासाठी आपण लक्ष घालावे. ग्रामपंचायतींपर्यंत आलेली भारतनेटची केबल चालू आहे की नुसतीच पुरलेली आहे, हे तपासावे. ती चालू असेल तर वायफाय कॉलिंगने पत्र्याच्या शेडमधला प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

विजेबाबत मागणे फार नाही. फीडरवरच्या फांद्या पाऊस लागण्याआधी तोडाव्यात, ज्या डीपीवर कारखान्यांचा भार वाढला आहे त्यांची क्षमता तपासावी आणि नियोजित बंदची सूचना आदल्या दिवशी द्यावी. रंगाचा कॉम्प्रेसर मध्येच थांबला तर मूर्तीवर डाग राहतो. आदल्या दिवशी कळले तर कामाची वेळ बदलता येते.

आणखी एक बाब धंद्याच्या पलीकडची आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या जिल्ह्याची वीज आणि फोन दोन्ही मोडून टाकले होते, हे आपल्या कार्यालयाला सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळिये येथे आणि १९ जुलै २०२३ ला खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीत दरड कोसळली. अशा वेळी पहिला फोन लागणे हाच मदतीचा पहिला टप्पा असतो. वादळ किंवा अतिवृष्टीचा इशारा आला की एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून बोलता येण्याची सोय, जी पूर्वी चक्रीवादळांच्या वेळी देशात वापरली गेली आहे, ती आमच्या भागात त्वरित सुरू करण्याबाबत दूरसंचार विभागाला आपण कळवावे. प्रत्येक गावात शाळा किंवा ग्रामपंचायत कार्यालयात सौर पॅनेल व इन्व्हर्टरवर चालणारे एक सार्वजनिक चार्जिंग केंद्रही जिल्हा नियोजनाच्या निधीतून मिळावे. त्याची किल्ली कोणाकडे राहील, हे मात्र आधीच ठरवावे, नाहीतर केंद्र असूनही नसल्यासारखे.

या निवेदनावर संयुक्त बैठकीची तारीख आम्हाला लेखी कळवावी आणि मोजणीच्या दिवशी मूर्तिकारांचे प्रतिनिधी सोबत घ्यावेत, ही नम्र विनंती. मोजणीसाठी लागणारे कारखाने, जागा आणि माणसे आम्ही उपलब्ध करून देऊ.

आपले विश्वासू,
हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत व दादर परिसरातील मूर्तिकार, कारखानदार, कामगार व ग्रामस्थ

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. तहसीलदार, पेण