परवानगी देण्याआधी वाचा



औषधाचा डबा फोडण्याआधी आपण त्यावरचा त्रिकोण पाहतो. लाल असला तर औषध अतिविषारी. मोबाइलमध्ये ॲप घेतानाही असाच इशारा येतो. तो न वाचता बटण दाबू नये.

पूर्वी ॲप घेतानाच सगळ्या परवानग्या एकदम मागितल्या जात. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून कॅमेरा, लोकेशन, मेसेज यांची परवानगी गरजेच्या वेळी वेगवेगळी विचारली जाते. ई-पीक पाहणीला पिकाच्या फोटोसाठी कॅमेरा आणि शेताची जागा कळण्यासाठी लोकेशन लागते. हे कारण पटण्यासारखे आहे. परंतु व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’च्या नावाने आलेली एपीके फाईल मेसेज वाचू मागते, तेव्हा तिचा डोळा बँकेच्या ओटीपीवर असतो. अशी फाईल मुळीच उघडू नये.

देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. आज त्याच आधाराशी आपली बँकखाती जोडलेली आहेत. म्हणून जपले पाहिजे.

काय हवे आणि कशासाठी, हे ॲपने सोप्या मराठीत सांगावे. न सांगेल त्याला नकार द्यावा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० क्रमांकावर कळवावे. घरातील शिकलेल्या मुला-मुलींकडून आजच मोबाइल तपासून घ्या.