जांभळ्या उजेडाचं बिल

माझी एक मैत्रीण शिकायला जर्मनीत आहे. तिघांच्या फ्लॅटमध्ये राहते. मागच्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर बोलताना तिच्या मागच्या दाराच्या फटीतून जांभळा उजेड येत होता. मी विचारलं, ‘काय गं, घरात डिस्को काढलाय का?’ ती वैतागून म्हणाली, ‘डिस्को कसला, रूममेटची गांजाची झाडं आहेत. आणि लाइट बिलाचे तीन भाग होतात.’

पोलीस, धाड वगैरे काही नव्हतं. भांडण निव्वळ बिलाचं होतं. ती झाडं तिथे कायदेशीर आहेत. मैत्रिणीचा प्रश्न एवढाच होता, की तिच्या खोलीत एक साधी ट्यूब, शेजारच्या खोलीत रोज बारा ते अठरा तास चालणारा दिवा, मग पैसे सारखे का? ऐकायला हा हॉस्टेलमधल्या इंडक्शन शेगडीच्या भांडणासारखा किस्सा वाटतो. पण हाच वाद अमेरिकेतल्या काही राज्यांनी थेट नियमांत लिहिला आहे. म्हणून हा दिवा नीट समजून घेऊ.

तीन झाडं, पण दिवा कुठला?

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. अठरा वर्षांवरच्या व्यक्तीला घरात गांजाची तीन झाडं लावता येतात, वाळवलेला माल घरी ५० ग्रॅमपर्यंत आणि बाहेर सोबत २५ ग्रॅमपर्यंत ठेवता येतो. लहान मुलांच्या हाताला झाड लागणार नाही, याची जबाबदारी लावणाऱ्याची. काळा बाजार कमी करणं हा त्यामागचा एक हेतू. झाडांची संख्या कायद्यानं मोजली, पण ती कशावर वाढवायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

आणि तिथे प्रश्न उजेडाचाच आहे. डिसेंबरात जर्मनीत दिवस जेमतेम आठ तासांचा, तोही बहुतेक ढगाळ. वर भाड्याचं घर, वास, शेजारी. त्यामुळे झाड खोलीत किंवा कापडी तंबूत जातं आणि सूर्याचं काम दिव्याकडे येतं.

पूर्वी हे काम सोडियमचे दिवे करायचे. आपल्या रस्त्यांवर एलईडी येण्याआधी जो पिवळा उजेड असायचा, त्याच जातीचे. उजेड भरपूर, पण गरमही तेवढेच. खोली तापली की पंखा, पंखा पुरला नाही की एसी. म्हणजे आधी विजेनं खोली गरम करायची आणि मग विजेनंच ती गार करायची. एलईडीनं हे चक्र बरंच कमी केलं. पण एलईडी म्हटलं की सगळे सारखेच, असं समजलात तर फसलात.

‘किती देते?’ हे विचारा

ऑनलाइन शोधलंत तर ‘१००० वॉट’ असं ठळक लिहिलेले स्वस्त दिवे ढिगानं दिसतात. त्यातले कित्येक प्रत्यक्षात शंभर-दोनशे वॉटच ओढतात. मग हजाराचा आकडा येतो कुठून? कधी आतल्या प्रत्येक चिपची कागदावरची कमाल क्षमता बेरीज करून, तर कधी ‘इतक्या वॉटच्या जुन्या दिव्याएवढा’ असा सोयीचा अर्थ लावून. आणि वॉट खरे असले तरी ते सांगतात फक्त वीज किती खाल्ली. झाडाला काय मिळालं, ते सांगत नाहीत.

बाइक घेताना आपण टाकीत किती लिटर मावतं हे पहिल्यांदा विचारतो का? ‘किती देते?’ हे विचारतो. दिव्याचंही ॲव्हरेज असतं. त्याचं एकक आहे मायक्रोमोल प्रति जूल. विजेच्या प्रत्येक जूलमागे झाडाला वापरता येतील असे प्रकाशकण किती निघतात, त्याचं हे माप. चांगल्या सोडियम दिव्याचं ॲव्हरेज साधारण १.७ असतं. आजच्या चांगल्या एलईडीचं २.५च्या पुढे, काहींचं ३च्या आसपास. ज्या दिव्याच्या माहितीत हा आकडाच नाही, तिथे विक्रेत्याला तो सांगायचा नाही असं समजायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट ल्युमेन आणि लक्सची. ही दोन्ही मापं माणसाच्या डोळ्यासाठी आहेत. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सगळ्यात जास्त जाणवतो. झाडाचा हिशोब वेगळा आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला प्रकाश ते प्रकाशसंश्लेषणाला वापरतं. त्यामुळे ‘डोळे दिपतात इतका भारी लाइट’ हे झाडासाठी प्रमाणपत्र नाही.

तिसरी गोष्ट त्या जांभळ्या रंगाची. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतं. म्हणून सुरुवातीच्या दिव्यांत फक्त लाल आणि निळ्या चिप बसवल्या, दोन्ही मिळून जांभळं दिसायला लागलं. पण हिरवा प्रकाश वाया जातो हा समज अर्धवट निघाला. तो पानात खोलवर आणि खालच्या पानांपर्यंत पोचतो आणि कामाला येतो. आता बरेच चांगले दिवे पांढरे असतात, त्यात थोडा जास्तीचा लाल. शिवाय पांढऱ्या उजेडात पान पिवळं पडलंय की कीड लागलीय ते दिसतं. जांभळ्यात सगळंच जांभळं!

चौथी गोष्ट उजेड पडतो कुठे ही. मधोमध प्रखर आणि कोपऱ्यात अंधार असेल, तर सरासरी आकडा कितीही छान असो, कोपऱ्यातलं झाड उपाशीच. म्हणून चांगल्या कंपन्या किती उंचीवरून कुठे किती प्रकाश पडतो, याचा चौकटींचा नकाशा देतात.

फ्लॅटचा हिशोब

आता मैत्रिणीच्या भांडणाकडे येऊ. आम्ही दोघींनी कागद-पेन घेऊन गणित मांडलं. समजा चांगला एलईडी २०० वॉटचा आहे आणि ॲव्हरेज २.७. म्हणजे सेकंदाला ५४० मायक्रोमोल प्रकाश. तेवढाच प्रकाश १.५ ॲव्हरेजच्या स्वस्त दिव्यातून हवा असेल, तर ३६० वॉट लागतील.

झाड वाढताना चार आठवडे दिवसाला अठरा तास आणि फुलावर आल्यावर नऊ आठवडे बारा तास दिवा चालतो असं धरू. हे झाड फुलायला लांब रात्र मागतं, म्हणून तास कमी होतात. चांगल्या दिव्याची वीज झाली साधारण २५० युनिट, स्वस्त दिव्याची ४५०. तिथे घरगुती वीज युनिटला साधारण ४० सेंट धरली, तर पहिल्याचे १०० युरो आणि दुसऱ्याचे १८०. पंखे वेगळे. दुकानात स्वस्त पडलेला दिवा प्रत्येक पिकामागे ८० युरो जास्त मागतो. आणि बिलाचे तीन भाग होत असतील, तर त्यातले दोन भाग ज्यांचा त्या झाडाशी काहीच संबंध नाही ते भरतात.

दिवा कुठलाही घ्या, घेणारा एक आणि बिल भरणारे तीन, ही खरी गोम आहे. एका फ्लॅटमध्ये ती दिसते, कारण भांडायला समोर माणूस असतो. तीच गोष्ट अख्ख्या उद्योगाच्या पातळीवर झाली की दिसेनाशी होते.

एक किलो आणि एक माणूस

अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२१मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात एक हिशोब मांडला. बंदिस्त जागेत एक किलो वाळलेला गांजा पिकवायला, ठिकाणानुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचं उत्सर्जन होतं. मोठा वाटा दिव्यांचा आणि हवा गरम-थंड-कोरडी ठेवणाऱ्या यंत्रणांचा. तुलनेसाठी, सरासरी भारतीय माणसाचं वर्षभराचं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन आहे साधारण दोन टन. म्हणजे आपल्यातला एक जण वर्षभर जगतो, बसनं फिरतो, फोन चार्ज करतो, त्याहून जास्त भार एका किलोमागे.

मग उन्हात का नाही लावत? इथे कायद्याचा गुंता आहे. अमेरिकेत अनेक राज्यांनी गांजाला परवानगी दिली, पण केंद्राच्या कायद्यात तो बेकायदाच राहिला. त्यामुळे माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. कॅलिफोर्नियात ऊन भरपूर, पण तिथलं पीक मॅसॅच्युसेट्समध्ये विकता येत नाही. मग मॅसॅच्युसेट्सनं बर्फातच पिकवायचं, तेही दिव्याखाली. आपल्याकडे नाशिकची द्राक्षं नागपुरात विकायला बंदी केली आणि नागपूरकरांना गोदामात एसी लावून द्राक्षं पिकवा म्हटलं, तर जे होईल तेच हे.

बिल वाढलं तसे नियम आले. मॅसॅच्युसेट्सनं मोठ्या उत्पादकांना लागवडीच्या चौरस फुटामागे ३६ वॉटची मर्यादा घातली. कॅलिफोर्नियानं २०२३ पासून लागू झालेल्या इमारतींच्या ऊर्जा संहितेत मोठ्या बंदिस्त लागवडीच्या दिव्यांसाठी किमान १.९ मायक्रोमोल प्रति जूल असं ॲव्हरेजच लिहून टाकलं. थोडक्यात, सोडियम दिवा बाद. जर्मनीचा कायदा झाडं मोजतो, हे नियम दिवा मोजतात. मला दुसरी पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती मान्य करते की इथे पीक हा अर्धाच मामला आहे, उरलेला अर्धा विजेचा आहे. पण तीही अपुरीच. मुळात झाडाला उन्हातून उचलून गोदामात नेलं ते कायद्यानं, आणि दिवा कितीही चांगला असला तरी तो सूर्याएवढा फुकट होणार नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे चित्र उलटं. ऊन फुकट आहे, पण झाड गुन्हा आहे. १९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ‘एकच झाड, कुंडीतलं, स्वतःपुरतं’ अशी घरगुती लागवडीची सूट त्यात नाही. फ्लॅट शेअर करणाऱ्यांनी कलम २५ तर जरूर वाचावं. आपल्या ताब्यातली जागा अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू दिली, तर तोही गुन्हाच. म्हणजे मैत्रिणीच्या फ्लॅटमधलं बिलाचं भांडण पुण्यात झालं असतं, तर ते बिलावर थांबलं नसतं.

मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून ‘हायड्रोपोनिक वीड’ पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. हायड्रोपोनिक म्हणजे मातीशिवाय, पोषक पाण्यावर वाढवलेलं. थायलंडनं जून २०२२मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि जून २०२५मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. तिथल्या दुकानात काल चालत होतं म्हणून इथल्या कस्टम्सच्या रांगेत आज चालत नाही, हे उशिरा कळलेल्यांच्या त्या बातम्या आहेत.

दिवा मात्र आपल्याकडेही खुलेआम मिळतो आणि त्याचे सरळ उपयोग आहेत. बाल्कनीत ऊन न येणाऱ्या घरात मायक्रोग्रीन्स, कोथिंबीर, तुळस. महाराष्ट्रात काही शेतकरी ड्रॅगन फ्रूटच्या बागेत रात्री एलईडी लावून हंगामाबाहेर फुलं आणतात. शेवंतीवाले उलटं करतात, रात्री दिवे लावून कळी लांबवतात. कारण शेवंतीलाही फुलायला लांब रात्रच लागते. विज्ञान तेच, फक्त झाड वेगळं. बॉटनी किंवा ॲग्रीच्या प्रोजेक्टसाठी दिवा घेत असाल, तर विक्रेत्याला वॉट विचारू नका. ॲव्हरेज विचारा, प्रकाशाचा नकाशा मागा, आणि घरी आल्यावर प्लगला लावायच्या मीटरवर खरी वीज मोजा.

मैत्रिणीनं तेच केलं. एक छोटा मीटर आणून रूममेटच्या प्लगला लावला. ‘१००० वॉट’वाल्या दिव्यानं दाखवले १९०. रूममेटचा चेहरा पडला, कारण त्यानं पैसे हजाराचे मोजले होते. आता दर महिन्याला मीटरवरचे युनिट तो स्वतःच्या नावावर लिहितो आणि उरलेल्या बिलाचे तीन भाग होतात. दाराच्या फटीतून जांभळा उजेड अजून येतो, पण तो आता त्याच्या पैशानं येतो.