नाममुद्रा आणि नोंदवही

१९८६ साली लखनौच्या विधानभवनात प्रेक्षकांच्या सज्जातून एका माणसाने पत्रके फेकली आणि आपण जिवंत आहोत असे सभागृहाला ओरडून सांगितले. हा माणूस आझमगढ जिल्ह्यातील लालबिहारी. कर्जासाठी कागद काढायला तो कचेरीत गेला, तेव्हा महसुली दप्तरात आपण मृत आहोत आणि आपल्या वाट्याची जमीन नातेवाइकांच्या नावावर चढली आहे, हे त्याला कळले होते. ही नोंद दुरुस्त व्हायला १९९४ साल उजाडावे लागले. दरम्यान त्याने निवडणुका लढवल्या, आपल्यासारख्या कागदोपत्री मृतांचा ‘मृतक संघ’ उभा केला आणि स्वतःच्या नावापुढे ‘मृतक’ हा शब्द कायमचा जोडून घेतला. लखनौ हे शायरांचे शहर. येथे राहून या घटनेचा विचार करताना हा शब्द मला तखल्लुसासारखा वाटू लागतो. दप्तराने लादलेली ओळख त्याने उचलली आणि तिचीच नाममुद्रा केली.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून या शहरात आल्यापासून हे प्रकरण माझ्या मनात घोळते आहे. त्याचे कारण केवळ ऐतिहासिक नाही. लालबिहारी जिवंत आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होते. परंतु गावाची साक्ष नोंदवहीत पोहोचत नव्हती. माणसाचे नाव एकाच वहीत असावे, ती वही एकाच हाती असावी आणि त्या हाताने केलेली चूक सुधारण्याचा मार्गही त्याच हातून जावा, ही त्या प्रकरणाची मूळ घडण आहे. आज वही कागदाची राहिलेली नाही, परंतु घडण बदललेली नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे तंत्रज्ञांचा प्रश्न म्हणून पाहू नये, असे मला वाटते. नाव कोणी ठेवायचे, ते खरे कोणी ठरवायचे आणि ते कोणाच्या साक्षीने टिकायचे, हे प्रश्न आपल्या वाङ्मयपरंपरांनी कित्येक शतके हाताळले आहेत.

आजच्या वह्या दोन प्रकारच्या आहेत. पहिली शासनाची. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिली आधारपत्रे दिली गेली, तेव्हा ज्यांच्याजवळ कसलाच कागद नाही त्यांना ओळख मिळेल असे सांगण्यात आले होते. हा हेतू हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कागद नसलेल्या माणसाचे हाल लालबिहारीहून वेगळे नसतात. परंतु ठसे न जुळल्यामुळे रेशन नाकारले गेल्याच्या तक्रारीही पुढे आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाद्वारे एकमुखाने सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधारची योजना बहुमताने वैध ठरली, मात्र खाजगी कंपन्यांना तिच्या वापराची मोकळीक देणारी तरतूद रद्द झाली. २०१९ च्या दुरुस्तीने ऐच्छिक वापराची वाट पुन्हा उघडली. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकण्याचा हक्क दिला. पण आपली माहिती एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेण्याचा जो हक्क २०१९ च्या विधेयकात होता, तो या कायद्यात नाही. या गाळलेल्या हक्काकडे पुढे यायचे आहे.

दुसरी वही कंपन्यांची. तिचा एक अनुभव माझ्या पदरी आहे. माझ्या आडनावात ‘ळ’ आहे. उत्तरेकडच्या कागदांवर त्याचा ‘ल’ होतो, आणि रोमन लिपीतून यंत्राने पुन्हा नागरीत आणला तरी तो ‘ल’च राहतो. माझा प्रबंध माहेरच्या नावाने आहे, पारपत्र सासरच्या, आणि लेखन मी आईचे नाव मध्ये घालून करते. काही वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीने, ओळखपत्रावरील नाव जुळत नाही या कारणावरून, माझे खाते बंद केले. त्यात अकरा वर्षांचा पत्रव्यवहार होता आणि दोन वृद्ध बायांकडून मी घेतलेली जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे होती. मी अर्ज केले. उत्तरे यंत्राकडून आली. त्या दोघींपैकी एक आता हयात नाही. ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती, हा दोष माझा आहे. तरीही माझी तिन्ही नावे खरी होती, आणि ती कशी खरी आहेत हे सांगणारी माणसे होती. त्यांना विचारण्याची सोयच त्या वहीत नव्हती.

आता परंपरेकडे वळू. कृष्णाजी केशव दामले यांनी वडिलांच्या नावावरून ‘केशवसुत’ हे नाव घेतले. वि. वा. शिरवाडकरांनी बहिणीच्या, कुसुमच्या, नावावरून ‘कुसुमाग्रज’ हे नाव घडवले. भावाबहिणीच्या नात्यासाठी कोणत्या अर्जात रकाना असतो? संतांच्या नाममुद्रा अधिक बोलक्या आहेत. एकनाथ आपल्या नावाला गुरूचे नाव जोडतात, जनाबाई स्वतःला नामदेवांच्या घरची म्हणवतात, सोयराबाई चोखोबांचे नाव आणि स्वतःची जात दोन्ही मुद्रेत घालतात. गाव जी जात हिणवण्यासाठी उच्चारत होता, ती सोयराबाई स्वतःच्या अभंगाच्या शेवटी, स्वतःच्या निवडीने उच्चारते. ओळखीवरील ताबा म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. याच्या उलट टोकाला जात्यावरची ओवी आहे. ती गाणारी बहुधा नाव घालत नाही, आणि नाव नसल्यामुळेच सासरविषयी जे बोलायचे ते बोलू शकते. नाव सांगण्याचा अधिकार आणि न सांगण्याचा अधिकार हे एकाच अधिकाराचे दोन भाग आहेत. खऱ्या नावाचा हट्ट धरणाऱ्या कंपन्यांना हे उमगत नाही.

लखनौच्या शायरीत या व्यवस्थेचे अधिक नियमबद्ध रूप आढळते. ख्वाजा हैदर अली हे ‘आतिश’ झाले, इमाम बख्श हे ‘नासिख’. तखल्लुस शायराने निवडावे किंवा उस्तादाने द्यावे, गझलेच्या मक्त्यात ते गुंफावे, मुशायऱ्याने ते ऐकावे, आणि तजकिरा लिहिणाऱ्याने त्याची नोंद करावी, असा हा क्रम. तजकिरे अनेक होते आणि ते लिहिणारेही अनेक. एकाने गाळलेला शायर दुसऱ्यात सापडे. एकाच तखल्लुसाचे दोन शायर असले तर उस्ताद आणि शहर यांवरून ते निराळे ओळखले जात. जिगर मुरादाबादी, मजाज लखनवी ही नावे याच रीतीची. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मजाज यांचा जन्म तेव्हाच्या बाराबंकी जिल्ह्यातील रुदौलीचा. ‘लखनवी’ हे त्यांनी स्वीकारलेले घर होते. आपल्याकडील ‘कर’ प्रत्ययाचे कामही हेच, परंतु तो बहुधा मागे सोडलेल्या गावाचा असतो. एक प्रत्यय कोठून आलो ते सांगतो, दुसरा कोठे राहायचे ठरवले ते.

विकेंद्रित जाळ्याची साधने ज्यांना अपरिचित आहेत, त्यांना ती या दोन प्रत्ययांवरून समजावून घेता येतील. ई-मेलचा पत्ता हा नाव आणि घर यांचा मिळूनच बनलेला असतो. मधले चिन्ह ‘कर’चे किंवा ‘वी’चे काम करते. २०१६ साली सुरू झालेले मॅस्टोडॉन आणि त्याच्या जातीची इतर जाळी याच तत्त्वावर उभी आहेत. सारा गाव एका मालकाचा नसतो. अनेक लहानमोठी घरे असतात, प्रत्येकाचा कारभारी निराळा, आणि जानेवारी २०१८ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेल्या समान नियमांनुसार एका घरातला माणूस दुसऱ्या घरातल्याशी बोलू शकतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने एका ज्येष्ठ वकिलांचे खाते बंद केले, तेव्हा निषेध म्हणून अनेक भारतीय लेखक, पत्रकार तिकडे गेले होते. बहुतेक काही आठवड्यांत परतले, कारण श्रोते जुन्याच जागी होते. मात्र घराची उपमा येथे एका ठिकाणी तुटते. पुणेकर लखनौत आला तरी पुणेकरच राहतो. मॅस्टोडॉनवर घर बदलले की पत्ता बदलतो. अनुयायांना बरोबर नेता येते, जुने लेखन मागेच राहते.

यावर उपाय म्हणून जुलै २०२२ मध्ये विकेंद्रित ओळखचिन्हांचे एक प्रमाण जागतिक पातळीवर मान्य झाले. त्याचा गाभा असा. माणसाजवळ किल्ल्यांची एक जोडी असते; एक गुप्त, एक जाहीर. गुप्त किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कोणालाही पडताळता येते, पण गुप्त किल्लीवाचून ती करता येत नाही. नाव कोणत्याही एका कंपनीच्या घराशी बांधलेले नसल्यामुळे घर बदलले तरी ते टिकू शकते. २०२३ च्या कायद्यातून जो हक्क गळला, त्याची काही भरपाई अशी साधने करू पाहतात.

पाठचिकित्सेचा अभ्यासक अशा सहीचे महत्त्व लगेच ओळखेल. नाममुद्रेवर कुलूप नव्हते. तुकोबांचे नाव घालून कोणीही अभंग रचावा आणि तो गाथेत शिरावा, असे घडत आले. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचना एकमेकींत मिसळल्या, त्या निवडण्यात विद्वानांच्या पिढ्या गेल्या. सदारंगांच्या मुद्रेच्या सर्वच बंदिशी त्यांच्या असतील असे कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही. किल्लीची सही असती तर हा गोंधळ बराच टळला असता.

तथापि या साधनांचे पुरस्कर्ते व्यक्तीच्या संपूर्ण ताब्याची जी भाषा करतात ती मला मान्य नाही. किल्ली हरवली तर नाव हरवते; अर्ज करायला कचेरीही नसते. वृद्ध, निरक्षर, घरात एकच मोबाईल असलेली बाई, यांच्या हाती किल्ली देऊन आपण मोकळे होणार असू, तर तो ताबा त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नाही. मोबाईल ज्याच्या हाती, किल्ली त्याची. आणि माणूस गेल्यावर काय? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्याची आणि तराव्या दिवशी वर आल्याची कथा प्रसिद्ध आहे. ती कोणी कशीही वाचो. गाथा टिकली ती संताजी जगनाड्यांसारख्यांच्या वह्यांमुळे आणि वारकऱ्यांच्या मुखामुळे. कर्त्याच्या एकट्याच्या ताब्यात असलेली कविता कर्त्याबरोबर जाते.

पलुसकरांच्या समकालीन विष्णु नारायण भातखंड्यांचे काम या दृष्टीने पाहावे. मुंबईच्या या वकिलाने घराण्यांच्या ताब्यातील बंदिशी मिळवून, स्वरलिपीत बांधून मराठी ग्रंथांतून छापल्या आणि १९२६ साली याच लखनौत मॅरिस कॉलेज स्थापन करण्यात पुढाकार घेतला. आज तेथे त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. बंदिशी वाचल्या, हे त्यांचे उपकार. परंतु छापील पाठ प्रमाण ठरला की घराण्यातील पाठभेद ‘चूक’ ठरू लागतो, हा आक्षेपही तितकाच जुना आहे. हेच भातखंडे स्वतः मात्र ‘चतुर पंडित’ आणि ‘विष्णु शर्मा’ या नावांआडून ग्रंथ लिहितात. इतरांच्या विद्येसाठी मध्यवर्ती वही आणि स्वतःसाठी निवडलेले नाव, हा विरोधाभास त्यांच्यापुरता नाही. आपल्या विद्यापीठीय व्यवहारातही तो आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. सही माणसाच्या हाती असावी, साक्ष अनेकांच्या हाती असावी, आणि शासनाची अथवा कंपनीची वही ही त्या अनेक साक्षींपैकी एक असावी, अखेरची नव्हे. किल्ली हरवल्यास ओळखीच्या चारपाच माणसांच्या संमतीने ती पुन्हा मिळावी, अशी रचना तंत्रज्ञांनी सुचवलेली आहे; ती उस्ताद आणि फड यांच्या जुन्या साक्षीच्या जवळची आहे. तिच्यातही धोका आहे. साक्षीदार नातेवाईकच असले तर काय होते, हे लालबिहारीच्या जमिनीने दाखवले आहे. साक्षीदार निवडण्याचा आणि बदलण्याचा अधिकार त्या माणसाचाच असला पाहिजे.

भारतीय भाषांच्या विभागांना येथे करण्याजोगे काम आहे. त्यांनी स्वतःची लहान घरे चालवावीत, लेखक, गायक, शाहिरांना हव्या त्या नावाने आणि हव्या त्या लिपीत तेथे जागा द्यावी, आणि परस्परांच्या प्रती सांभाळाव्यात. ‘.भारत’ हे नागरी लिपीतील क्षेत्रनाम २०१४ पासून उपलब्ध आहे. नागरीतील पत्ता न स्वीकारणारे अर्ज मात्र अजून जागोजाग भेटतात. ‘ळ’ वाचू शकणारी व्यवस्था आपण मागितल्याशिवाय आपल्याला कोणी देणार नाही. यासाठी पैसा लागेल, कारभारी लागेल, आणि कारभारी बदलला की काम बंद पडण्याची भीती राहील. विद्यापीठांचा आजवरचा अनुभव पाहता ही भीती लहान नाही. परंतु आज जे चालले आहे त्यात बंद पडण्याचा निर्णय आपल्याला कळवलाही जात नाही.

ओव्या गाणाऱ्या दुसऱ्या बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. या सुट्टीत त्यांच्याकडे पुन्हा जायचे ठरवले आहे. या वेळी प्रती तीन ठिकाणी ठेवायच्या, त्यांतली एक त्यांच्या नातीजवळ. मागच्या खेपेस मी त्यांचे नाव त्यांना न विचारताच लिहून घेतले होते. ते लिहायचे की नाही, हे या वेळी प्रथम त्यांना विचारायचे आहे.