गोड्या मसाल्याच्या रंगाची खोली

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटची मागची खोली उत्तरेकडची. खिडकीसमोर आठ-दहा फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे ऊन या खोलीत कधी शिरतच नाही. रंगकाम निघालं की दर वेळी एकच सल्ला मिळायचा, ‘अंधारी खोली आहे ताई, पांढराच द्या.’ बारा वर्षांत तीनदा पांढरा दिला आणि तिन्ही वेळा पेंटरची शिडी बाहेर पडते न पडते तोच तो राखाडी दिसायला लागला. पांढरा रंग काही उजेड तयार करत नाही, येईल तेवढा परत देतो. येणारा उजेडच थोडका आणि निळसर असला तर भिंत तरी काय परत देणार? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून यायचं?

गेल्या फेब्रुवारीत ती खोली आम्ही गडद तपकिरी केली. चारही भिंती.

रंग ठरवायला मात्र महिना गेला. शेडकार्डवर तपकिरीच्या पट्ट्यांना कॉफीची आणि चॉकलेटची नावं असतात. पँटोननं 2025 सालचा रंग म्हणून ‘मोका मूस’ निवडल्यापासून तर त्यांची संख्या आणखी वाढली आहे. आपल्या भाषेतली या रंगाची नावं मला जास्त जवळची वाटतात. तपकिरी हे नाव ओढायच्या तपकिरीवरून आलं, कथ्थई हे कातावरून. खैराच्या लाकडाचे तुकडे उकळून काढलेला तो गडद, तांबूस कात. तो काढणारे म्हणून कातकरी, असं त्या समाजाच्या नावाबद्दल सांगितलं जातं. या रंगाची नावं अशी जिनसांवरून पडलेली आहेत, आणि जिन्नस समोर असला की डोळा चुकत नाही. म्हणून मी दुकानात गोड्या मसाल्याची बाटली घेऊन गेले. तीळ, सुकं खोबरं, धणे, दगडफूल खमंग भाजून कुटल्यावर जो रंग येतो, तो मला हवा होता. बाटलीशेजारी एकेक पट्टी धरून पाहिली तेव्हा लक्षात आलं की शेडकार्डवर एकसारखे वाटणारे तपकिरी रंग मुळात किती वेगळे असतात. एकात आमसुलाची जांभळट झाक होती, एकात विटेची लाली, तर एक पट्टी शेवाळी वाटावी इतकी हिरवट. उत्तरेच्या उजेडात जांभळट झाक अधिकच जांभळी होते, म्हणून ती पहिली बाद केली.

इंद्रधनुष्यात तपकिरी नाही, हे कधी तुमच्या लक्षात आलं आहे का? तपकिरी म्हणजे आजूबाजूच्या मानानं काळवंडलेला नारिंगी. शेजारी उजळ काही असलं तरच डोळा त्याला तपकिरी म्हणतो. पांढऱ्या भिंतीवर रंगाचा हाताएवढा ठिपका लावून पाहिला की तो जवळजवळ काळा दिसतो आणि माणूस घाबरून बेत सोडून देतो, त्याचं कारण हेच. दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्याला दोन हात द्यावेत आणि तो पुठ्ठा खोलीभर फिरवावा. सकाळी खिडकीजवळ, दुपारी कोपऱ्यात, रात्री दिव्याखाली. आमचा पुठ्ठा आठवडाभर घरात होता. शनिवारी रात्री तो कपाटाला टेकवून ठेवलेला असताना सागवानाच्या आणि त्याच्या रंगात काही नातं आहे असं दिसलं, आणि रंग ठरला.

आई तेव्हा घरी आलेली होती. पहिला हात झालेली भिंत पाहून म्हणाली, ‘काव काढलीस होय गं?’

त्या प्रश्नानं मला आजोळी नेलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं जांभ्याच्या चिऱ्यांचं घर. भिंतींना वर चुना आणि खाली कंबरेपर्यंत काव. जमीन शेणानं सारवलेली, माथ्यावरच्या तुळया धुरानं काळ्याभोर. माजघराला खिडकी नव्हती, उजेड यायचा तो दोन दारांतून. तरी त्या खोलीला कुणी अंधारी म्हणून नावं ठेवल्याचं मला आठवत नाही. वैशाखात जेवणं झाली की सगळं घर तिथेच आडवं व्हायचं. (गारवा जाड भिंतींचा होता, रंगाचा नव्हे. पण डोळ्यांना मिळणारा विसावा रंगाचाच होता.) कोपऱ्यातला तांब्याचा हंडा त्या काळोखात निखाऱ्यासारखा दिसायचा. तोच हंडा पुढे आईनं शहरातल्या पांढऱ्या, ट्यूबलाइटच्या स्वयंपाकघरात आणला आणि तो नुसतं एक जुनं भांडं होऊन बसला.

तपकिरीशी आपलं नातं नवीन नाही, एवढं मला आईच्या त्या प्रश्नात दिसलं. काव आणि गेरू ही लोहाची माती. डोंगरातून आणायची, कालवायची, भिंतीला लावायची. गोव्यात आणि सिंधुदुर्गात देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर कावेचा थर देत, मग तो खरवडून आतला पांढरा उघडा करत. कावी चित्रं झाली ती अशी. वारली घरांच्या भिंती शेणामातीच्या, गेरूच्या, आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांमध्ये हा रंग सागवानी खांबांत आणि तुळयांत होता. 1807 साली बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा कोरीव दर्शनी भाग पाहिला की तो किती दिमाखानं मिरवला जाई ते कळतं. सिमेंटच्या इमारती आल्या, लाकूड गेलं, सारवण गेलं, आणि भिंतीला पांढरा किंवा फिका पिस्ता द्यायचा एवढंच उरलं. तपकिरी गेला तो आपण नाकारला म्हणून नाही, तर त्याला घरात जागाच उरली नाही म्हणून.

आणि हा रंग टिकाऊ आहे. मातीतून येणारे लोहाचे रंग उन्हानं सहसा उडत नाहीत. भीमबेटकाच्या गुहांमध्ये हजारो वर्षांपूर्वी गेरूनं काढलेले प्राणी आजही ओळखता येतात.

आता कामाविषयी, कारण इथे कसूर झाली की सगळं फसतं. गडद रंग ज्या बेसमध्ये मिसळतात त्यात पांढरा पिगमेंट कमी असतो, त्यामुळे दोन हातांत भिंत झाकली जाईलच असं नाही. आमच्या भिंतीला तीन लागले. पहिल्या हातानंतर ती ठिगळं लावल्यासारखी दिसत होती. त्या दिवशी निर्णय बदलू नये, थांबावं. प्रायमरमध्येच थोडा तपकिरी मिसळून घेतला असता तर एक हात वाचला असता. पुट्टी नीट घासलेली हवी आणि रंग मॅट हवा. चकाकणाऱ्या गडद भिंतीवर प्रत्येक उंचवटा दिसतो. सगळ्या खोलीचा रंग एकाच वेळी मिसळून घ्यावा. आमचा कमी पडला, दुकानातून त्याच नंबरचा दुसरा डबा आणला, आणि दारामागची भिंत आजही किंचित लालसर आहे. दिवसातून दोनदा तरी माझं तिकडे लक्ष जातं.

सगळ्यांत मोठा फरक मात्र दिव्यानं पडला. आमच्या खोलीत 6500 केल्विनची पांढरी ट्यूब होती. तिच्याखाली नवी भिंत पहिल्या रात्री ओल्या चिखलासारखी दिसली आणि घरात सगळेच गप्प झाले. दुसऱ्या दिवशी ट्यूब उतरवली, 2700 केल्विनचे दोन दिवे आणले, एक पलंगाशी, एक कपाटाजवळ. भिंत तीच, पण मसाला भाजताना जसा क्षणात रंग चढतो तसं झालं. छताला निळसर पांढरा न देता साईसारखा दिला, कारण भर पांढऱ्या छताची कड गडद भिंतीवर सुरीसारखी दिसते. पडदे मांजरपाटाचे, न रंगवलेले. पितळेची समई, एक घोंगडी, आणि कागदावरचं एक वारली चित्र. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तपकिरी भिंतीवर ते चित्र पुन्हा आपल्या घरी आल्यासारखं दिसतं.

एकच भिंत गडद आणि तीन पांढऱ्या, हा सध्याचा रिवाज मला मुळीच पटत नाही. लहान खोलीत त्यामुळे डोळा प्रत्येक कोपऱ्यावर अडखळतो आणि खोली किती लहान आहे ते मोजत राहतो. चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या की कोपरे विरघळतात.

जुलैमध्ये खिडकीखाली पांढरे क्षार फुटले. बाहेरून पाणी मुरत होतं, आणि बहुधा वर्षानुवर्षं मुरत असावं. पांढऱ्या भिंतीनं ते लपवून ठेवलं होतं, तपकिरी भिंतीनं पहिल्याच पावसाळ्यात दाखवून दिलं. भेग बुजवून घेतली, भिंत वाळू दिली, पुन्हा हात दिला.

तुमच्याही घरात ऊन न येणारी एखादी खोली असेल. वर्षानुवर्षं पांढरा पिऊन ती तशीच मलूल राहिली असेल. यंदा दसऱ्याच्या सुमारास भिंती वाळल्या की तिला पांढऱ्याचा चौथा डबा देण्याआधी एक मोठा पुठ्ठा गडद तपकिरी रंगवा, आठवडाभर तिथे ठेवा, आणि एका संध्याकाळी ट्यूब बंद करून, पिवळा दिवा लावून, त्याच्यासमोर तासभर बसून पाहा.