दप्तरातली सुरक्षा, खाणीतला मजूर

धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत 27 डिसेंबर 1975 रोजी पाणी घुसले आणि सुमारे पावणेचारशे कामगारांना जलसमाधी मिळाली. त्याबद्दल दोन अधिकाऱ्यांना एकेक वर्षाची शिक्षा झाली, ती 2012 मध्ये. न्यायाला छत्तीस वर्षे लागत असतील, तर शिक्षेच्या धाकाने खाणी सुरक्षित होतील ही आशा फोल आहे. अपघात आधीच रोखणारी व्यवस्था, हाच खरा उपाय.

ती व्यवस्था कागदावर आहे. 2017 च्या कोळसा खाण विनियमांनुसार प्रत्येक खाणीने धोके हेरून सुरक्षा व्यवस्थापन योजना आखणे बंधनकारक झाले. मात्र उघड्या खाणींतील खोदकाम आणि वाहतूक मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे गेली आहे. झारखंडमधील लालमटिया येथे राजमहल खाणीत 29 डिसेंबर 2016 रोजी माती-दगडांचा ढिगारा कोसळून 23 कामगार दगावले. तेथील खोदकामही कंत्राटी होते. योजना कंपनीच्या दप्तरात आणि धोका मजुराच्या डोक्यावर, अशी ही वाटणी आहे.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि 1952 चा खाण कायदा तिच्यात विलीन झाला. गंभीर धोका जाणवल्यास तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क ती कामगाराला देते. सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, असेही ती बजावते. हे स्वागतार्हच आहे. पण ज्याची उद्याची हजेरी मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो ‘कडा खचतो आहे’ हे कोणत्या बळावर सांगणार?

देशाचे कोळसा उत्पादन 2024-25 मध्ये 100 कोटी टनांपलीकडे गेले. त्याचा हिशेब कोळसा मंत्रालय ठेवते. धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय मात्र श्रम मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. टनांचा आढावा एका दालनात आणि मृत्यूंचा दुसऱ्या दालनात, असे चालता कामा नये. सुरक्षा समितीत कंत्राटी मजुरांना राखीव जागा, धोक्याची सूचना देणाऱ्याला कामावरून दूर करण्यास मनाई आणि कंत्राटदाराच्या देयकाला सुरक्षापालनाची अट, एवढे तरी केंद्राने नियमांत आणावे. धोका सर्वांत आधी दिसतो तो कड्याखाली उभ्या असलेल्या माणसाला. त्याचे ऐकले जाणार नसेल, तर योजनेची फाइल चौकशी आयोगापुढे ठेवण्यापुरतीच उरेल.